अंगणातली मोहीम

हल्ली वर्तमानपत्र उघडावं तर कुठली ना कुठली मोहीम निघालेलीच असते. उंदीर मारण्याची मोहीम, विहिरी उपसण्याची मोहीम, मुलींना शाळेत घालण्याची मोहीम. कामं सगळी चांगली आहेत, माझी त्यांच्याशी काही तक्रार नाही. पण तो शब्द दिसला की माझ्या कानात एक खर्जातला आवाज घुमतो, "मास्तर, निशान कोनाच्या हाती हाये?" आणि पुढची बातमी वाचायची राहून जाते.

हा आवाज माझ्या अमरावतीच्या घरमालकांचा. सगळं गाव त्यांना शिलेदार म्हणायचं. स्वतःच्या घोड्यानिशी सरदाराकडे चाकरीला राहणारा तो शिलेदार. त्यांच्याकडे घोडी होती हे खरं. चाकरीचं मात्र जरा अवघड होतं, ते पुढे सांगतो.

मी मूळचा अकोटचा. अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलो, ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. अमेरिकेत भाऊबंदांची लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे दलाल, अडते, त्यांचे मुनीम, मुनिमांचे मेहुणे. ज्याच्या घरात रिकामा कोनाडा होता तोसुद्धा भाडेकरू शोधत होता. अशात परकोटाच्या आतल्या एका गल्लीत चांगली ऐसपैस खोली रिकामी आहे असं कळलं आणि मी धावत गेलो. इतकी चांगली खोली रिकामी का, हे विचारायचं राहूनच गेलं.

फाटक उघडून आत गेलो तर अंगणात कडुनिंबाखाली एक राहुटी उभी. ठिगळं लावलेली, पण दोर ताठ, खुंट्या सरळ. बाजूला एक म्हातारी घोडी डोळे मिटून कडबा चघळत होती. राहुटीच्या तोंडाशी साठीचे एक गृहस्थ मांडी घालून बसलेले. पांढरेशुभ्र कल्ले, डोक्याला मंदिल, कमरेला तलवारीची म्यान. नुसती म्यान. सरकारने हत्यारं जमा करून घेतली तेव्हा तलवार गेली होती आणि म्यानेबद्दल हुकमात काही लिहिलेलं नव्हतं.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मी नाव, गाव, नोकरी सांगितली.

"खोली पाहाले आले? पाहून घ्या. आमची बाई दाखवंल. मी आत येऊ शकत नाही."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय धाड भरली? मी मोहिमेवर हावो."

मी मागे वळून पाहिलं. घराचा ओटा तिथून दहा पावलांवर होता. ओट्यावर एक ठेंगणीशी बाई तूर पाखडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "या मास्तर, तुमी या आत. त्याईचं चालूच असते."

ही त्यांची बायको. मी त्यांना काकू म्हणू लागलो आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळी हकीगत सांगून टाकली. नव्या भाडेकरूला विहीर कुठे, सरपण कुठे हे सांगतात, त्याच सुरात.

शिलेदार ऐन जवानीत असताना एलिचपूरकडच्या एका सरदाराने पागेसाठी माणसं जमवली होती. दसरा झाला की मोहीम निघायची होती. यांनी एक शेत विकून घोडी घेतली, बक्तर उसनं आणलं. निघायचा मुहूर्त भटजींनी काढला तो सकाळचा, आणि पथक निघणार होतं तिसऱ्या दिवशी. अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. मुहूर्तावर प्रस्थान ठेवतात. शेल्यात हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ बांधून ते गाठोडं घराबाहेर दुसऱ्याकडे नाहीतर देवळात नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग तो प्रवास पुरा करून येईपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

शिलेदारांनी परकोटाच्या दरवाजालगतच्या मारुतीच्या देवळात प्रस्थान ठेवलं, ओवाळून घेतलं आणि दोन रात्री काढण्यापुरती अंगणात राहुटी ठोकली. तिसऱ्या दिवशी सांडणीस्वार आला. मोहीम रद्द. सरदाराची पागाच मोडली होती. बाकीची पोरं शिव्या घालत आपापल्या घरी गेली. आमचे शिलेदार राहुटीतच राहिले.

"मोहीम रद्द होत नसते," ते मला नंतर अनेकदा म्हणाले. "लांबते."

ती तीसेक वर्षं लांबली होती. एवढ्या काळात त्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता. आंघोळ विहिरीवर, जेवण राहुटीत. काकू अंगणातून ताट नेऊन देत. दोन मुली होत्या, त्यांची लग्नंही झाली होती. मांडव अंगणातच असल्यामुळे कन्यादानाला अडचण आली नाही. मुली मोहिमेच्या आधीच्या की नंतरच्या, हे विचारण्याची सोय नव्हती. भटजींनी एकदा सुचवलं होतं की छोटीशी शांती करून प्रस्थान परत आणता येतं. शिलेदारांनी त्या भटजींना पुन्हा कधी बोलावलं नाही. मारुतीच्या देवळातला गुरव बिचारा ते गाठोडं दर दसऱ्याला झटकून ठेवायचा. उंदरांनी शेला खाल्ला की काकू नवा देत.

मी तेव्हा विशीतला, शहाणपणाने ओसंडून वाहणारा. मला वाटलं, माणूस वेडा आहे. दोन महिन्यांत कळलं की वेडा मुळीच नाही. शेतीचा हिशेब तोंडपाठ, माणसाची पारख पक्की, थट्टा कळायची आणि करताही यायची. त्या एका शब्दापुरता मात्र ते कुणाचं ऐकत नसत. इतर लोक जमिनीच्या बांधासाठी भांडतात तसे ते त्या शब्दाच्या हद्दीसाठी भांडत.

एकदा सरकारी देवी टोचणारा आला. सडपातळ, घामाघूम, काखेत पेटी. पोरं माळ्यावर लपलेली, बाया दार लावून बसलेल्या. आमच्या फाटकाशी येऊन त्यानं बिचाऱ्यानं खणखणीत आवाजात सांगितलं की सरकारनं देवी टोचण्याची मोहीम काढली आहे.

"थांबा," राहुटीतून आवाज आला. "मोहीम म्हनता?"

"हो जी."

"निशान कोनाच्या हाती हाये?"

"निशाण नाही जी. पेटी आहे."

"मुलूख कोनाचा?"

"हाच जी. आपलाच. मी बडनेऱ्याचा."

"मंग याले मोहीम काहून म्हनता? याले फेरी म्हना. फेरी म्हनाले काही लाज हाये का?"

तो गडी गांगरला. शेवटी "देवी टोचण्याची फेरी" असं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, आणि मग शिलेदारांनी स्वतः गल्लीतून हिंडून एकेक पोरगं धरून त्याच्यापुढे उभं केलं. त्या गल्लीत एकही पोर टोचल्यावाचून राहिलं नाही. जाताना तो मला हळूच म्हणाला, "मास्तर, असे दर गावात एक असते त काम लवकर झालं असतं."

अमेरिकेतल्या लढाईची बातमी मी त्यांना वाचून दाखवायचो. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "घरच्याच मुलखात लढून राहिले. लढाई हाये, मोहीम नाही." पेंढाऱ्यांचा विषय निघाला की, "तो दरोडा." साहेबाची पलटण रस्त्याने गेली की, "तो बंदोबस्त." एकदा मीच चिडून विचारलं, "मग मोहीम म्हणजे असतं तरी काय?"

त्यांनी मंदिल नीट केला. "निशान पुढं पाह्यजे. मुलूख परका पाह्यजे. तथून काही घेऊन यावं लागते, नाही त ते नुसतं भटकनं. आन् जो गेला तो परत घरी आला पाह्यजे. हे शेवटचं पक्कं ध्यानात ठेवा, मास्तर. जाते त कोनीबी. परत आला नाही त त्याले मोहीम म्हनू नोका."

मी हसून मान डोलावली. राहुटीमागे काकू भांडी घासत होत्या, त्यांचा हात मात्र थांबलेला मला दिसला.

त्या साली पावसाळा वाईट गेला. राहुटीत पाणी शिरलं, शिलेदारांची छाती भरली आणि श्रावणात ते इतके खंगले की मंदिल डोक्यावरून घसरू लागला. काकू आणि मी पाया पडलो, आत चला म्हणालो. ते बोलायच्या स्थितीत नव्हते, पण मान हलवायच्या स्थितीत होते. काकूंनी घरातला पलंग राहुटीत आणवला, राहुटीवर ताडपत्री टाकली आणि त्या स्वतः शेगडी घेऊन तिथेच जाऊन बसल्या. भाद्रपदात ताप उतरला. वैद्यबुवा नाडी सोडून उठले आणि काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, "या खेपेले वाचले. पुढचा पावसाळा छताखाली काढा. राहुटीत काढला त माह्याकडे येऊ नोका."

त्या दिवशी काकू माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या चेष्टेच्या सुरातच बोलायच्या. त्या दिवशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मास्तर, तुमी शाळेत पोट्ट्यायले शब्दाचे अर्थ सांगता ना?"

"सांगतो."

"मंग याईलेबी एखादा अर्थ सांगा. असा सांगा का पावसाच्या आधी एक मोहीम होऊन जाईन. लहानशी का होईना. मले मानूस घरात पाह्यजे." आणि मग त्या एकदम म्हणाल्या, "त्याईनं परत येनं ध्यानात ठेवा म्हटलं तुमाले. मी तीस वर्षं तेच ध्यानात ठेवून राहिली."

एवढी वर्षं ही बाई दहा पावलांवर राहणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत होती, आणि आम्ही सगळे ते गमतीत घेत होतो.

मी कामाला लागलो. आधी सोपे उपाय केले. अकोटला माझ्या घरी चला म्हटलं. "तो प्रवास." सेमाडोहच्या जंगलातून सागाचं लाकूड आणू म्हटलं. "ती खरेदी." दोन्हीकडे निशाण नेऊ म्हटलं तर म्हणाले, "लाकूड आनाले निशान नेता? लोक काय म्हनतीन?" तीस वर्षं अंगणात राहुटी ठोकून बसलेल्या माणसाला लोक काय म्हणतील याची काळजी होती, हे ऐकून मी तिथून उठूनच गेलो.

अडचण होती ती परक्या मुलखाची. आसपास चारी दिशांना आता एकाच सरकारचा अंमल. परका मुलूख आणायचा कुठून? डोकं खाजवता खाजवता एक दिवस शाळेतून येताना कापसाच्या गाड्यांची रांग दिसली. गाड्या अकोल्याला चालल्या होत्या, कारण आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आली होती आणि अमरावतीच्या बाजूला अजून रूळच पडत होते. आणि मला सुचलं. मी धावत राहुटीशी गेलो.

"काका, रेल्वेच्या कुंपणाच्या आत राज्य कोणाचं?"

"कोनाचं म्हंजे? सरकारचं."

"कुंपणाच्या बाहेर सरकारचं. आत रेल्वे कंपनीचं. आतले शिपाई त्यांचे, हुकूम त्यांचा. आपल्याकडे दुपार झालेली असते तेव्हा त्यांच्या घड्याळात झालेली नसते. त्यांची घंटा झाल्याशिवाय सुभेदारालासुद्धा आत सोडत नाहीत. परवानगीचा कागद दाखवावा लागतो."

शिलेदार सावरून बसले. "घड्याळ अलग हाये?"

"अगदी वेगळं. मुंबईचं."

"निशान?"

"हिरवं एक आणि लाल एक. त्यांचा माणूस हातात धरून उभा असतो."

घोडीनं एकदा नाक फुरफुरवलं. मग ते म्हणाले, "निशान त्याईचं, घड्याळ त्याईचं. परका हाये, मास्तर. मुलूख परका हाये."

ओट्यावर तूर पाखडणं कधीच थांबलं होतं. काकू आत गेल्या आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत भगव्या कापडाचं निशाण शिवून तयार होतं.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं आणि पहिल्या वेचणीचा कापूस निघाला तसे आम्ही निघालो. एका अडत्याच्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाड्या अकोल्याला जायच्या होत्या. वाटेत चोरांची भीती असायची, तेव्हा बरोबर एक शिलेदार येतो म्हटल्यावर अडत्या खूश झाला. प्रत्यक्ष शिलेदार पाहिल्यावर थोडा कमी खूश झाला. पण गाडीवान सगळे ओळखीचे, त्यांनी गलका केला, "येऊ द्या जी, येऊ द्या." मी शाळेत रजा टाकली होती. ही गोष्ट माझ्याच डोक्यातून निघालेली, ती निस्तरायला मी नको का?

मारुतीच्या देवळातून गुरवाने गाठोडं काढून दिलं. त्याने ते इतकी वर्षं सांभाळलेलं, देताना त्याचे डोळे भरून आले. शिलेदारांनी ते खांद्याला बांधलं आणि घोडीवर बसले. ही त्या पहिल्या घोडीची लेक, तिला हे नवीन होतं. चरायच्या माळापलीकडे ती कधी गेलीच नव्हती. परकोटाच्या दरवाजातून बाहेर पडून ती थांबली, मागे वळून पाहिलं आणि बसली. चक्क रस्त्यावर बसली. सगळ्या गाड्या खोळंबल्या. शेवटी गाडीवानांनी तिला उठवलं आणि रुईच्या गाडीला मागे बांधलं. शिलेदार गाडीवर, रुईच्या गठ्ठ्यावर, हातात निशाण. घोडी मागून रिकामी. अकोल्यापर्यंत असाच थाट होता.

वाटेत ते कमालीचे गंभीर होते. मुक्कामाला गाड्यांचा गोल करायला लावत, पाणी कुठे, चारा कुठे, पहाऱ्याला कोण हे स्वतः बघत. गाडीवान सुरुवातीला हसत होते. बोरगावाच्या अलीकडे चार-पाच उनाड माणसं गाड्यांच्या बाजूने रेंगाळू लागली तेव्हा शिलेदार गठ्ठ्यावर उभे राहिले आणि म्यानेवर हात ठेवून नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले. ती माणसं कुजबुजली आणि शेतात उतरून निघून गेली. म्यान रिकामी आहे हे त्यांना कुठून कळणार? त्यानंतर गाडीवान हसायचे थांबले आणि विचारल्याशिवाय बैलही सोडीनात.

अकोल्याला पोचलो तर स्टेशनासमोर कापसाचे डोंगर. गाड्याच गाड्या. धूळ, शिव्या, वजनकाटे. कुंपणाच्या आत एक इंजिन उभं होतं, शांतपणे वाफ सोडत. शिलेदारांनी ते जन्मात प्रथम पाहिलं. मला वाटलं, आता कच खाणार. त्यांनी मंदिल नीट केला, निशाण उंच धरलं आणि फाटकातून सरळ आत गेले. फाटकावरचा शिपाई त्यांना अडवायचं विसरला.

स्टेशनमास्तर मुंबईकडचे होते. पाठ वाकलेली, कानावर लेखणी, चारी बाजूंनी दलाल ओरडत असलेले. शिलेदार त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"या ठान्याचे सुभेदार तुमीच?"

"मी मास्तर. काय पाहिजे? माल कुणाचा?"

"माल नाही. खंडनी पाह्यजे."

टेबलाभोवतीचा आवाज एकदम थांबला. स्टेशनमास्तरांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? शिपाई!"

मी पुढे झालो. काय सांगावं ते ठरवलेलं होतं, ते सगळं विसरलो. तोंडातून निघालं ते एवढंच, "साहेब, हे तीस वर्षं घराबाहेर आहेत. परक्या मुलखातून काही घेतल्याशिवाय घरात जाऊ शकत नाहीत. घरी बायको वाट पाहते आहे."

स्टेशनमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग शिलेदारांकडे, त्यांच्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे पाहिलं. त्या गाठोड्याची गाठ त्यांनी ओळखली असावी. त्यांच्याही घरून कुणीतरी कधीतरी असं गाठोडं देवळात ठेवलं असेल.

"प्रस्थान?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

ते उठले. खुंटीवरची पगडी घातली. बाहेर इंजिनाजवळ जाऊन त्यांनी कोळशाचा एक चांगला मोठा खडा निवडला, रुमालात ठेवला आणि दोन्ही हातांनी शिलेदारांपुढे धरला. "आमच्या मुलखात हेच पिकतं," ते म्हणाले. "याच्यावरच आमचं सगळं चालतं. स्वीकार व्हावा."

शिलेदारांनी खडा हातात घेतला, वजन पाहिलं. "दगड हाये?"

"जळणारा दगड."

"बरं," शिलेदार म्हणाले. "तह झाला." आणि त्यांनी वाकून स्टेशनमास्तरांना मुजरा केला. इंजिनाने तेवढ्यात शिट्टी फुंकली. घोडी सुटून पळाली, ती आम्हाला संध्याकाळी बाजारात एका भाजीवालीच्या पाटीशी सापडली.

परतीच्या वाटेवर गाड्या रिकाम्या, म्हणून वेग चांगला. तरी बैल थांबले की ते अस्वस्थ होत. बडनेरा ओलांडल्यावर म्हणाले, "मास्तर, घर आतून कसं हाये?"

मी चपापलो. "म्हणजे?"

"इसरून गेलो ना मी. चूल कोन्या बाजूनं हाये?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चूल उगवतीला, माजघरात पाटा, भिंतीतली देवळी डाव्या हाताला. नव्या ठिकाणी राहायला जाणाऱ्याला सांगावं तसं.

गल्लीत सगळे जमले होते. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. त्यांनी तो तुकडा शिलेदारांवरून ओवाळून दूर फेकला, पायांवर पाणी घातलं आणि बाजूला झाल्या. शिलेदार उंबऱ्याशी येऊन थांबले. पुढे पाऊलच टाकीनात. मागे लोक खोकले, कुणी हसलं.

काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "काहून उभे? आता त या."

ते आत गेले आणि कपाळ चौकटीवर धाडकन आपटलं. दार ठेंगणं आहे हे मी सांगायचं विसरलो होतो. गल्लीभर हशा पिकला. आत माजघरात ते कपाळ चोळत उभे राहिले, आणि पाहुण्याने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी कोठी बसू?" ते ऐकून काकू ज्या रडल्या, त्या इतक्या वर्षांचं सगळं मिळून रडल्या. कोळशाचा खडा शिलेदारांनी हळदकुंकू लावून देवळीत ठेवला. पुढच्या पावसाळ्यात राहुटीच्या कापडाने आम्ही गोठ्याचं छप्पर शाकारलं. त्यांची छाती त्या साली एकदाही भरली नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. पाऊस सरला तसं एक दिवस काकू माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. हातात गाठोडं होतं. शेल्यात बांधलेलं.

"मास्तर, हे तुमच्याकडे ठेवा."

"काय आहे?"

"प्रस्थान. माह्या माहेरचे रिद्धपूरच्या यात्रेले चालले. लग्नाच्या आधी गेली होती, मंग कधी जमलं नाही. छावनी सोडून कशी जाईन? आता घरी मानूस हाये राखाले."

रिद्धपूर हे जवळचंच क्षेत्र, काही काशी नव्हे. पण दुसऱ्या सकाळी माहेरची रेंगी, ती हलकी बैलगाडी, दाराशी आली आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला तेव्हा शिलेदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग ते भगवं निशाण घेऊन आले आणि त्यांनी ते रेंगीच्या दांडीला बांधलं.

समोरचा सोनार ओट्यावरून ओरडला, "शिलेदार, यात्रेले निशान?"

"यात्रा नोहे," शिलेदार म्हणाले. "मोहीम हाये."

त्यानंतर त्यांनी घरात एक दिवस धड काढला नाही. भाकर करपवली, घोडीला दोनदा पाणी पाजलं आणि एकदा अजिबात पाजलं नाही. सारखे फाटकाशी. शाळेतून आलो की मला विचारत, "मास्तर, रिद्धपूरचा रस्ता बरा हाये ना?" मी बरा आहे म्हणायचो. "नदीले पानी?" पाणी उतरलंय म्हणायचो. इतकी वर्षं वाट पाहायला लावलेल्या माणसाला चार दिवसांची वाट पाहवत नव्हती. मला त्यांची गंमत वाटली, कीवही आली. आणि खरं सांगायचं तर काकूंच्या वतीने थोडं समाधानही वाटलं.

एका दुपारी घुंगरं वाजली. मी बाहेर आलो तर शिलेदार उंबऱ्यात उभे, एका हातात तांब्या, दुसऱ्यात स्वतः केलेली, एका बाजूने काळी झालेली भाकर. रेंगी थांबली. काकू उतरल्या, धुळीने माखलेल्या, चेहरा उजळलेला. शिलेदारांनी तुकडा मोडला आणि भर गल्लीत, सगळ्यांसमोर, बायकोवरून ओवाळून टाकला.

सोनार हसला. आणखी दोघे हसले. शिलेदारांनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते वाकले आणि काकूंच्या पायांवर पाणी घालू लागले. तांब्या रिकामा झाला तरी तसेच वाकलेले.

काकूंनी खाली पाहिलं. "म्हटलं, खंडनी नाही विचारत?"

"तू आली ना," शिलेदार म्हणाले. "बस् झालं."

"मंग व्हा बाजूले," काकू म्हणाल्या. "घरात येऊ द्या मले."